तंबाखूत गेलेला धडा

कारा-जिल्गा,
७ मार्च २००२

आदरणीय झूरा एजे यांना सलाम.

मी मेदेर, बाजारकुल यांचा धाकटा मुलगा. माझी आई आणि तुमची आई सख्ख्या बहिणी, म्हणून तुम्ही माझी एजे, थोरली ताई. आई गेली तेव्हा तुम्ही आला होता. मी बाहेर पाहुण्यांचे घोडे धरून उभा होतो, त्यामुळे मी तुम्हाला आठवत नसेन. तुम्ही नारिनच्या शाळेत इंग्रजी शिकवता हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतो आहे. शारशेनच्या दुधाच्या ट्रकबरोबर पाठवतो. तो म्हणतो, पोचेल. पण तो सगळ्याच गोष्टींना पोचेल म्हणतो.

आता कामाचं. आमच्या खोऱ्यात यंदा पाहुणे-मंडळ निघालं आहे. उन्हाळ्यात जे परदेशी लोक वर तळ्याकडे जातात, त्यांना हे मंडळ घराघरांत मुक्कामाला पाठवणार. मात्र ज्या घरात एक तरी माणूस इंग्रजीत बोलतो, त्याच घरी. जूनमध्ये आम्ही वरच्या कुरणावर तंबू टाकले की मंडळाची माणसं येऊन परीक्षा घेणार. आमच्या घरातून बाबांनी माझं नाव दिलं आहे.

हे का हवं आहे तेही सांगतो. एसेन दादा रशियात इमारतींवर काम करतो. बेगिमायचा जन्म तो गेल्यानंतरचा, त्यामुळे त्याने आपली मुलगी अजून पाहिलेली नाही. पाहुणे मिळाले तर मी परत येतो आणि पुन्हा जात नाही, असं त्याने लिहिलं आहे. नाही मिळाले तर तो तिथल्या मुकादमाबरोबर आणखी तीन वर्षांचा करार करणार. म्हणजे सगळं माझ्यावर येऊन थांबलं आहे, आणि मला जेवण जात नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो. त्या हिवाळ्यात शाळेत कोळसाही नव्हता आणि मास्तरही नव्हते, म्हणून मी मेंढ्यांमागे गेलो. स्पेलिंग मात्र माझं चुकत नाही, कारण शब्द मी पुन्हा पुन्हा लिहून काढतो. माझ्याकडे इंग्रजीचं एकच पुस्तक आहे. त्याची मधली पानं बाबांनी तंबाखू वळायला वापरली. अनुक्रमणिकेवरून कळतं की त्या पानांवर ‘साधा वर्तमानकाळ कधी वापरावा’ हा धडा होता. त्याच्या पुढचं पान असं सुरू होतं : ‘आता हा काळ तुम्हाला येतोच.’

मला येत नाही. कृपा करून तो धडा पाठवाल का?

तुमचा,
मेदेर


नारिन,
१८ मार्च

मेदेर बाळा,

घोडे धरून उभा असलेला मुलगा मला चांगला आठवतो. माझ्या घोड्याचा पट्टा घट्ट आहे की नाही ते मी निघेपर्यंत तू पुन्हा पुन्हा बघत होतास. शेवटी घोडाच वैतागला.

धडा घे. जे तू पाठ फिरवलीस तरी चालूच राहतं, त्यासाठी साधा वर्तमानकाळ. नदी दरीतून वाहते. बर्फ उन्हाने वितळतो. मेंढ्या गवत खातात. बाजारकुल काका व्याकरण ओढतात. तू बघ नाहीतर बघू नकोस, हे घडतच असतं. सवय, रीत, जगाचा नियम, सगळं यात बसतं. आणि जे मनात मुक्कामाला असतं तेही : आवडणं, माहीत असणं, हवं असणं. पण काका आत्ता या क्षणी चुलीपाशी बसून ओढत आहेत, तर ते सांगायला दुसरा काळ. त्यांची सवय आणि त्यांची आत्ताची विडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आता अभ्यास. तुमच्या घरात रोज काय होतं त्यावर वाक्यं लिहून पाठव. पुस्तकातली नकोत. ‘टॉम फुटबॉल खेळतो’ असं लिहिलंस तर कागद परत पाठवीन. तुमच्याकडे कोणी टॉम नाही.

आणि जेवत जा.

झूरा एजे


कारा-जिल्गा,
२८ मार्च

आदरणीय झूरा एजे यांना सलाम.

धडा मिळाला. पाठ व्हावा म्हणून मी तो रोज चुलीपाशी मोठ्याने वाचतो. बाबा बोरूच्या काड्यांच्या पडद्यापलीकडे पडलेले असतात. ते खोकतात आणि म्हणतात, “झालं का तुमचं? मेंढरंसुद्धा एवढा आवाज करत नाहीत.” तरी मी वाचतो.

इंग्रजी वाक्यं वेगळ्या कागदावर आहेत. मला काय म्हणायचं होतं ते इथे लिहितो, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला कळेल.

मी उठतो तेव्हा घर झोपलेलं असतं. मी आधी पीठ मळतो, मग बोलतो. आमच्याकडचा राखाडी घोडा चावतो. त्याला टोप्या आवडत नाहीत. भिंतीवर एक घास घेतलेला नान टांगलेला असतो. त्याला कोणी हात लावत नाही. दर गुरुवारी मी रस्त्याकडे बघतो. ट्रक येतो. ट्रक जातो.

एक शंका आहे. ‘मी उद्या जातो’ असं म्हणताना आपण ‘खुदाच्या मनात असेल तर’ असं जोडतो. इंग्रजीत ते न जोडता नुसतं जातो म्हटलं तर उद्धटपणा होत नाही का?

तुमचा,
मेदेर


नारिन,
१२ एप्रिल

मेदेर,

तुझा कागद मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. वर्षानुवर्षं मी टॉम आणि त्याच्या फुटबॉलवर लाल शाई घालवते आहे. आणि इथे राखाडी घोड्याला टोप्या आवडत नाहीत! हे लिहायला तुला कोणी शिकवलं?

तो नान एसेनचा असणार. जाताना त्याने घास घेतला आणि मावशी नसल्यामुळे तो वहिनीने टांगला असेल. माझा भाऊ सैन्यात गेला होता तेव्हा आईनेही असाच टांगला होता. परत आला त्या दिवशी त्याला तो चहात बुडवून सगळा संपवायला लावला. बिचाऱ्याचा एक दात गेला. एसेनचे दात चांगले असू देत.

पण बाळा, दर गुरुवारी रस्त्याकडे बघतोस ते कोणासाठी? शारशेनला एक मुलगी आहे असं ऐकून आहे. ती ट्रकमध्ये पुढे बसते का? लाजू नकोस. मी तुझ्या बाबांना सांगणार नाही.

शंकेचं उत्तर : खुदाचं नाव मनात घे, वाक्यात नको. वेळापत्रकालाही हाच काळ चालतो. बस शुक्रवारी येते, गाडी सकाळी सुटते. बस उद्याची असली तरी ‘येते’. कारण ते कागदावर ठरलेलं असतं, तुझ्या-माझ्या इच्छेवर नसतं. आणि ‘तो’ किंवा ‘ती’ आली की क्रियापदाच्या शेपटीला एस लावायचा. हा एस सगळ्या जगात लोक विसरतात. तू विसरत नाहीस, हे मी पाहिलं.

आणखी वाक्यं पाठव.

झूरा एजे


कारा-जिल्गा,
२५ एप्रिल

आदरणीय झूरा एजे यांना सलाम.

शारशेनला मुलगी आहे. ती शाळेत पहिलीत आहे. कृपा करून तसलं काही लिहू नका. तुमची पत्रं मी मोठ्याने वाचतो.

वेळापत्रकाचा नियम ऐकून बाबा पडद्याआडून म्हणाले, “शारशेनच्या ट्रकला कुठला काळ लावायचा ते विचार तिला. तो गुरुवारी येतो असं सगळे म्हणतात आणि तो शनिवारी येतो.” हे मी तुम्हाला विचारतो आहे.

नवी वाक्यं. मी घोडीचं दूध काढतो तेव्हा शिंगरू शेजारी उभं असतं, नाहीतर घोडी दूध देत नाही. माझे हात थंडीत फुटतात. मी त्यांना साय लावतो. मुलगी रडते तेव्हा मी तिला पाजतो आणि ती झोपते. मला गाणं म्हणायला आवडतं, पण मी घरात म्हणत नाही. मी नदीवर म्हणतो.

स्पेलिंग तपासून पाहिलं आहे.

तुमचा,
मेदेर


नारिन,
३ मे

मेदेर,

स्पेलिंग एकही चुकलेलं नाही. शाबास.

पण मुलगी रडते तेव्हा तू तिला पाजतोस? कशाने रे?

ही वाक्यं कोणाची आहेत ते उलट टपाली कळव.

झूरा एजे


कारा-जिल्गा,
९ मे

आदरणीय झूरा एजे,

तुमचं पत्र मी ट्रकपाशीच उघडलं. शारशेनने माझा चेहरा बघून विचारलं, “कोण गेलं?” मी म्हटलं, कोणी नाही. मी.

वाक्यं तोल्कुन वहिनीची आहेत. पहिल्यापासून सगळी. फसवायचं मनात नव्हतं. मी चुलीपाशी तुमचा धडा वाचत होतो, तिचे हात पिठात होते. मी पहिलं वाक्य जुळवत बसलो तर ती मळता मळताच म्हणाली, “एवढा काय घाम काढतोस, शाईबोट्या? आधी पीठ मळते, मग बोलते. झालं की!” (वहिनी माझं नाव घेत नाही. नवऱ्याच्या घरच्या कोणाचंच घेत नाही. म्हणून मी शाईबोट्या.) ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. लिहिताना माझं सगळं लक्ष अक्षरांकडे असतं, अर्थाकडे नसतं. दुधाचं वाक्य मी तीनदा तपासलं होतं.

तुमच्या पत्रातला एखादा शब्द तिने एकदा ऐकला की तो तिचा होतो. माझं उलट आहे. मला शब्द लिहिता येतो, पण तोंड उघडलं की घसा आवळतो. मी राखाडी घोड्यासमोर बोलून पाहिलं. त्याच्यासमोरही आवळतो.

परीक्षेला ती का बसत नाही, असं तुम्ही विचाराल. मार्चमध्येच शेजारच्या म्हातारीने विषय काढला होता. बाबा म्हणाले, “परके लोक घरात येऊन प्रश्न विचारणार आणि माझी सून माझ्यासमोर त्यांना उत्तरं देणार? पोरगा आहे ना घरात.” बाबा वाईट नाहीत. वहिनी आजारी होती तेव्हा बर्फातून वैद्याला तेच घेऊन आले. पण ती त्यांच्यासमोर आवाज चढवत नाही, तोंडासमोर बसत नाही, ही रीत आहे.

आणि नावाची अडचण वेगळीच. बाबांचं नाव तिला घेता येत नाही, त्यासारखा शब्दही बोलता येत नाही. बाजाराला ती ‘विकायची जागा’ म्हणते. इंग्रजीत मार्केट म्हणता येतं हे कळलं त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत मार्केट, मार्केट करत फिरत होती. तिला हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. पण मंडळाची माणसं सगळीकडे आधी हेच विचारतात म्हणे, घरात कोण कोण राहतं, त्यांची नावं काय. तिथेच ती अडेल.

गुरुवारी रस्त्याकडे बघते तीही तीच. दादाचं पत्र येतं का म्हणून.

आता तुम्ही धडे पाठवाल की नाही?

मेदेर


नारिन,
१७ मे

वेड्या,

धडे पाठवायचे नाहीत तर काय करायचं? आता तर दुप्पट पाठवीन. सोबत तोल्कुनसाठी वेगळा कागद आहे. तो तू आधी वाचू नकोस.

तू फसवलं नाहीस. तू लेखनिक झालास आणि तेही उत्तम. पण ज्याला बोलता येत नाही त्याला बोलायला बसवायचं आणि जिला येतं तिला चुलीमागे ठेवायचं, याने एसेन घरी येणार नाही. काकांशी बोल. मी पत्र लिहिलं असतं, पण माझी पत्रं त्यांच्या हाती पडली की त्यांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

नावाच्या प्रश्नावर तिने गप्प बसू नये. शहरातून आलेल्या बाईला वाटेल की हिला प्रश्नच कळला नाही. तिने मान वर करून म्हणावं, ‘आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही.’ हे पूर्ण उत्तर आहे. रीतभात सांगायची तर याच काळात सांगायची, म्हणजे व्याकरणही जिंकलं आणि लाजही राहिली.

आणि काकांना सांग, शारशेनसाठी इंग्रजीत अजून काळ निघालेला नाही.

झूरा एजे


कारा-जिल्गा,
३० मे

आदरणीय झूरा एजे यांना सलाम.

बोललो. बाबा खोगिराचा पट्टा शिवत होते. मी म्हटलं, “बाबा, परीक्षेला वहिनी बसली तर?”

“का? तुझी जीभ शेळीने खाल्ली?”

“मला बोलता येत नाही.”

“मग एवढे महिने चुलीपाशी जे चाललंय ते काय होतं? माझी झोप मोडायला?”

“ते वहिनीचं होतं. मी नुसतं लिहितो.”

त्यांनी दोरा दाताने तोडला, पट्टा ओढून बघितला आणि म्हणाले, “चहा आण.” मी आणला. ते प्यायले आणि घोड्याकडे गेले. पुन्हा तो विषय नाही. म्हणजे नाहीच.

वहिनीला मी सांगितलं नाही, पण तिने ओळखलं. ती म्हणाली, “जाऊ दे, शाईबोट्या. तूच बस. मी मागून चहा देताना खोकेन, एकदा खोकले तर हो, दोनदा खोकले तर नाही.” आणि मग तोंड वळवून भांडी घासत बसली. दादाचं पत्र आलं आहे. मुकादम जूनअखेर उत्तर मागतो आहे.

धडा चालूच आहे. काल बाबा पडद्याआडून ओरडले, “हे कालचंच वाक्य आहे. ती नारिनची नवीन काही शिकवत नाही का?” त्यांना या सगळ्याचा किती कंटाळा आला आहे ते यावरून तुम्हाला कळेल.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर जातो. कागदावर नाव माझंच आहे.

मेदेर


वरचं कुरण,
२० जून

झूरा एजे,

परीक्षा परवा झाली. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर काहीतरी राहून जाईल.

दोघे आले. राजधानीच्या मीरगुल बाई, पातळ बुटांत, आणि हेन्रिक नावाचा एक परदेशी, तंबूच्या खांबाएवढा उंच. दारातून येताना त्याचं डोकं आपटलं. वहिनीने साय, लोणी, तळलेले बोरसोक आणि गरम नान मांडला होता. बाबा मानाच्या जागी बसले होते. मला वाटलं होतं ते घोड्यांकडे जातील. ते गेले नाहीत.

मीरगुल बाईंनी माझं नाव वाचलं. मी पुढे बसलो. हेन्रिकने हसून विचारलं, तुम्ही सकाळी काय करता? एजे, त्या उत्तरातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं मला डोळ्यांपुढे दिसत होती. वहिनी मागे एकदा खोकली. मग दोनदा खोकली. मग नुसतीच खोकत राहिली. माझ्या तोंडातून हवासुद्धा आली नाही.

तेव्हा बाबा म्हणाले, “तो नाही. तो लिहितो. बोलते ती.”

मीरगुल बाई म्हणाल्या, “आमच्या कागदावर नाव मुलाचं आहे, काका.”

“नाव तुमच्या कागदावर आहे आणि इंग्रजी तिच्या तोंडात आहे. तुम्हाला कुठलं हवंय?” मग मागे न बघताच म्हणाले, “पोरी, ये. इथे बस.”

आणि त्यांनी समोरची जागा दाखवली. अगदी समोरची. वहिनी आली. ओढणी सारखी केली आणि तोंड जरा बाजूला वळवून बसली. हेन्रिकने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती म्हणाली, आधी मी पीठ मळते, मग बोलते. तो हसला. त्याने विचारलं, घोडे शांत आहेत का? ती म्हणाली, राखाडी चावतो, त्याला टोप्या आवडत नाहीत. हेन्रिकने डोक्यावरची टोपी काढून मांडीखाली घेतली. नंतर त्याने तळ्याचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं, घोडीच्या दुधाचं कुमिस कसं आंबवतात ते विचारलं. ती सांगत होती आणि मी माझ्या गुडघ्यावर बोटाने अक्षरं गिरवत होतो. सगळे एस जागच्या जागी होते.

मग मीरगुल बाईंनी कागद पुढे ओढला आणि इंग्रजीत विचारलं, घरात कोण राहतं? तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?

तुमचं वाक्य वहिनीने नदीवर शंभर वेळा म्हटलं होतं. पण तेव्हा बाबा नदीवर नव्हते. त्यांच्या तोंडावर ‘मी यांचं नाव घेत नाही’ म्हणणं म्हणजे त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखंच झालं. तिचे कान लाल झाले. ती समोरच्या गरम नानकडे बघत राहिली. मीरगुल बाईंनी पुन्हा विचारलं. वहिनीने फक्त ओढणी पुढे ओढली. मग त्या आपल्या भाषेत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “एवढा सोपा प्रश्न. म्हणजे बाकीचं सगळं पाठ केलेलं दिसतंय.” आणि त्यांनी पेन उचललं.

बाबांनी वाडगा खाली ठेवला. घसा साफ केला. आणि हेन्रिककडे बघून म्हणाले,

“माय नेम बाजारकुल. आय लिव्ह हिअर. शी मेक ब्रेड. शी स्पीक. आय लिसन. एव्हरी डे.”

एजे, पेन खाली आलं. मीरगुल बाई म्हणाल्या, “काका, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? तो धडा मी ओढलाय.”

हेन्रिकने विचारलं, काय म्हणाले? मीरगुल बाई सांगायला गेल्या, पण त्यांना हसूच आवरेना. मग वहिनीने सांगितलं. इंग्रजीत, मोठ्या आवाजात, बाबांच्या समोर बसून. आमच्या पुस्तकाची पानं, तंबाखू, सगळं. सांगता सांगता तीही हसली आणि बाबांनी ‘काय सांगतेस त्याला?’ असं विचारलंसुद्धा नाही. त्यांना कळत होतं.

निघताना मीरगुल बाई वहिनीचा हात धरून म्हणाल्या, “माझी आजीही नाव घेत नसे. मी विसरलेच होते गं.” त्यांनी कागदावर माझं नाव खोडून तिचं लिहिलं. पहिले पाहुणे जुलैत येतात. येतात, एजे. कागदावर ठरलेलं आहे.

दादाला तार करायला मी खाली जातो आहे. तारेत किती शब्द लिहावेत ते ठरत नाही.

मेदेर


नारिन,
२ जुलै

मेदेर,

पत्र वाचून मी शेजारणीला मिठी मारली. तिला अजून कळलेलं नाही का ते.

पोरा, तुला एक गोष्ट दिसली नाही. बाबा पडद्याआडून कुरकुरत होते म्हणजे कंटाळले होते, असं तू लिहिलंस. कंटाळलेला माणूस कालचं वाक्य कालचंच आहे हे कसं ओळखेल?

काकांना सलाम सांग. मेक नाही, मेक्स. स्पीक नाही, स्पीक्स. मला भीती वाटते, तूच सांग.

झूरा एजे


वरचं कुरण,
१२ सप्टेंबर

आदरणीय झूरा एजे यांना सलाम.

उशीर झाला, क्षमा करा. उन्हाळाभर तंबू रिकामा नव्हता. परवा बर्फाची पहिली भुरभुर झाली, तेव्हा शेवटचे पाहुणे गेले. आम्ही रविवारी खाली उतरतो.

तुमचा निरोप बाबांना सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. प्रत्येक नवा पाहुणा आला की बाबा दारात उभे राहून आपली वाक्यं म्हणतात. “शी मेक ब्रेड” म्हणाले की वहिनी चुलीपासून म्हणते, “मेक्स.” पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी हातातली बादली सांडली. बाबांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते म्हणाले, “मेक्स, मेक्स.” आता ते मुद्दामच चुकवतात असं मला वाटतं. ते चुकतात, ती सांगते, आणि मग दोघेही चहा पितात.

मी पाटी रंगवली. तिच्यावर नाव वहिनीचं आहे. आणि मी बोललो. एका म्हाताऱ्या पाहुणीने माझ्या वहीकडे बघून विचारलं, तुम्ही काय करता? घसा आवळला, पण बाहेर आलं : मी लिहितो. दोनच शब्द, पण आले.

दादाची तार आली आहे. मुकादमाला नाही म्हणून तो निघाला आहे. कोचकोरच्या थांब्यावर वेळापत्रक आहे, त्यात लिहिलं आहे की बस शुक्रवारी येते. म्हणजे उद्या. मी पहाटे दोन घोडे घेऊन निघतो, एक त्याच्यासाठी. राखाडी नाही. राखाडीसमोर तो टोपी घालून येईल. तुम्हाला हे पत्र मिळेल तेव्हा बस येऊन गेलेली असेल.

नान आम्ही या वर्षी वर आणला होता. वहिनीने काल तो खांबावरून उतरवला. दगड झाला आहे. ती म्हणते, दुधात भिजवावा. बाबा म्हणतात, “चहात. घास त्याने घेतला, दात त्याचे आहेत.” बेगिमाय त्याच्यावर चमचा आपटून बघते.

वहिनीला म्हटलं, एजेंसाठी वाक्यं सांग, लिहितो. ती म्हणाली, “आज नको. आज मी लिहिते.” सोबतच्या कागदावर तिचं वाक्य आहे, तिच्या हाताने लिहिलेलं पहिलं. अर्थ असा : माझा नवरा शुक्रवारी येतो. मी ‘खुदाच्या मनात असेल तर’ जोडायला गेलो तर तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

त्यात एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं आहे. मी ते पाहिलं. मी ते तसंच ठेवलं आहे.

तुमचा,
मेदेर